खाऱ्या पाण्याच्या टाकीतले परजीवी: आधी ओळख, मग औषध

मुख्य टाकीत आत्ता काहीही ओतू नका. मासा दगडाला अंग घासतोय, परांवर पांढरं काहीतरी दिसतंय आणि दुकानदाराने "दादा, हे निळं औषध घाला, सगळ्याला चालतं" म्हणून बाटली हातात ठेवलीय, अशा वेळी हे वाचत असाल तर ती बाटली तूर्त कपाटात ठेवा. सगळ्याला चालेल असं एक औषध खाऱ्या पाण्यात नसतं. तांब्याने पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी मरतो, पण क्लाऊनफिशच्या अंगावर चिकट थर आणणाऱ्याला त्याचा काही फरक पडत नाही. कृमी मारणारं औषध या दोघांनाही लागत नाही. शिवाय औषध मुख्य टाकीत गेलं की अमोनिया पचवणारे जिवाणू, कोळंबी, शंख, खेकडे हे आधी मरतात आणि परजीवी बरेचदा मागे उरतो.

म्हणून क्रम असा: पाणी तपासायचं, मासा बघायचा, परजीवी ओळखायचा आणि मगच दुसऱ्या टाकीत उपचार.

पाण्यापासून सुरुवात

पृष्ठभागाशी येऊन धापा टाकणारा प्रत्येक मासा रोगी नसतो. गोव्यात एप्रिल-मे महिन्यांत चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) नसलेल्या टाकीचं पाणी 31-32 अंशांवर सहज जातं, आणि पाणी जितकं गरम तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. जूनमध्ये वादळवाऱ्याने वीज जाते, पंप थांबतात आणि दोन-तीन तासांत मासे वर येतात. ही परजीवीची लक्षणं नव्हेत. बॅटरीवर चालणारा एक एअर पंप घरात असणं इथे चैन नाही, गरज आहे.

अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य हवेत. तापमान 25 ते 28, क्षारता 35 पीपीटी (हजार भागांत 35 भाग मीठ), म्हणजे विशिष्ट गुरुत्व 1.025-1.026. क्षारता मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर नुसत्या शुद्ध पाण्यावर शून्य करून भागत नाही. 35 पीपीटीच्या प्रमाणित द्रावणावर तपासून घ्या. अमोनिया दिसला तर एक चतुर्थांश पाणी बदला, हवा वाढवा आणि दुसऱ्या दिवशी मासा पुन्हा बघा. पाणी सुधारल्यावर घासणं थांबलं, तर पुढचा लेख आज वाचायची गरज नाही.

मासा बघायचा कधी आणि कसा

सकाळी दिवे लावण्याआधी, टॉर्च तिरका धरून. समोरून पडलेल्या प्रकाशात जे दिसत नाही ते तिरप्या प्रकाशात दिसतं. डोळे, परांच्या कडा आणि कल्ल्यांच्या झाकणामागची जागा नीट बघा. मग घड्याळ लावून एका मिनिटात कल्ल्यांची झाकणं किती वेळा उघडतात ते मोजा. हा आकडा मासा ठणठणीत असतानाही एकदा मोजून वहीत लिहून ठेवलेला असावा, कारण जाती-जातींत फरक असतो आणि तुमच्या माशाचा नेहमीचा आकडा तुम्हालाच ठाऊक असणार. तो दीडपट झाला असेल तर परजीवी कल्ल्यांत शिरलाय असं धरून चाला.

मोबाईलवर व्हिडिओ घ्या. आज आणि उद्या एकाच कोनातून घेतलेले दोन व्हिडिओ शेजारी लावले की ठिपके वाढले की हलले ते कळतं. नुसत्या आठवणीवर विसंबलं तर प्रत्येक ठिपका वाढलेलाच वाटतो.

रवा की पिठी

सर्वांत जास्त घोळ ज्या दोन रोगांत होतो त्यांची खूण लक्षात ठेवायला ही जोडी पुरे. अंगावर रव्याचे कण चिकटल्यासारखे, सुटे, मोजता येतील असे ठिपके म्हणजे सागरी इच. चाळणीतून पिठी भुरभुरल्यासारखा, मोजता न येणारा, किंचित पिवळट थर म्हणजे मखमल, अर्थात व्हेल्वेट.

इच घडवणारा जीव क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स, एक केसाळ एकपेशीय प्राणी. तो माशाच्या कातडीखाली शिरून तीन ते सात दिवस खातो, मोठा होतो आणि बहुधा अंधारात गळून पडतो. तळाला, दगडाला, काचेला चिकटून त्याचं कवच बनतं. त्या एका कवचातून दोनशेच्या आसपास पिल्लं बाहेर पडतात आणि दिवस-दोन दिवसांत त्यांना मासा सापडला नाही तर ती मरतात. उपचाराचं सगळं गणित या चक्रात आहे. कातडीखालच्या परजीवीपर्यंत औषध पोहोचत नाही, कवचातल्याला ते भेदत नाही. औषध लागतं ते फक्त मोकळ्या पोहणाऱ्या पिल्लाला. म्हणूनच "चौथ्या दिवशी ठिपके गेले, मासा बरा झाला" या समजुतीने जितके मासे मेले असतील तितके रोगाने थेट मेले नसतील. ठिपके गेले याचा अर्थ परजीवी माशावरून उतरून तळाला गेला. आठवड्या-दोन आठवड्यांनी तो परत येतो आणि आधीपेक्षा कितीतरी जास्त संख्येने येतो. पावडर ब्लू टँग, ब्लू टँग या माशांना इच सर्वांत आधी धरतो. टाकीत टँग असेल तर पहारा त्याच्यावरच ठेवा.

मखमलीचा जीव अमिलूडिनियम ओसेलेटम. तो आधी कल्ल्यांत बसतो आणि मुळांसारख्या तंतूंनी पेशींत रुततो, त्यामुळे अंगावर पिठी दिसण्याआधीच मासा मेलेला असू शकतो. खुणा वागण्यात शोधा: मासा पंपाच्या झोतात तोंड धरून उभा राहतो, उजेड टाळतो, खाणं अचानक सोडतो, श्वास भरभर घेतो. एका परजीवीपासून 256 पर्यंत पिल्लं होतात आणि कोमट पाण्यात पूर्ण चक्र आठवड्याच्या आत संपतं. इचमध्ये विचार करायला दोन दिवस मिळतात. मखमलीत मिळत नाहीत. संशय आला त्याच संध्याकाळी मासा बाहेर काढा.

तिसरा ब्रूकलिनेला हॉस्टिलिस. समुद्रातून पकडून आणलेल्या क्लाऊनफिशवर, बहुतेकदा आणल्यावर पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत. ठिपके नसतातच. अंगावर दुधाळ, सुटून लोंबणारा चिकट थर येतो, रंग फिका पडतो, मासा पृष्ठभागाशी घुटमळतो. हा जीव माशावरच दोन-दोन होत वाढतो, कवचाची पायरी त्याला लागत नाही, म्हणून वेग भयंकर. तांब्याने याला काही होत नाही. दुकानातून क्लाऊन आणला, पांढरं दिसलं म्हणून तांबं सुरू केलं आणि तीन दिवसांत मासा गेला, ही कहाणी बहुतेक वेळा ब्रूकलिनेलाची असते.

युरोनिमा त्याचाच नातलग म्हणावा असा. हिरव्या क्रोमिस आणि अँथियास या माशांवर लालसर, खवले उडालेली जखम दिसली की आधी हेच नाव मनात यावं. हा जीव टाकीत माशाशिवायही कुजक्या अन्नावर जगतो, त्यामुळे टाकी रिकामी ठेवून तो जाईल अशी आशा धरू नये. जखम खोल गेली असेल तर खरं सांगायचं तर मासा वाचण्याची शक्यता कमी.

मग चपट्या कृमी, फ्लूक. निओबेनेडेनिया ही त्यांतली नेहमीची. ही जवळजवळ पारदर्शक असते, दोन ते पाच मिलिमीटर लांब असूनही माशावर बसलेली दिसत नाही. मासा जांभया देतो, मान झटकतो, घासतो, डोळ्यावर धुकट पडदा येतो. एकाच वेळी दोन-तीन माशांचे डोळे धूसर झाले असतील तर मारामारीपेक्षा कृमींचा संशय आधी घ्या.

पिवळ्या टँगवर मिरीच्या भुकटीएवढे काळे ठिपके दिसले तर त्याला काळा इच म्हणतात, पण तो इच नाही, एक चपटी कृमी आहे आणि त्यावर कृमींचाच इलाज चालतो. मासा भरपूर खाऊनही पोट आत जातंय आणि विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी पडतेय, तर दोष आतड्यात. तिथे पाण्यात टाकलेलं औषध फारसं कामाचं नाही, खाद्यातून द्यावं लागतं.

परांच्या कडेला महिनोन् महिने तशाच राहणाऱ्या खरबरीत, हळूहळू वाढणाऱ्या गाठी हा लिम्फोसिस्टिस नावाचा विषाणू. त्याला औषध नाही आणि बहुधा लागतही नाही. चांगलं खाणं आणि शांत टाकी मिळाली की गाठी आपोआप झडतात. पाणी बदलल्यानंतर अंगावर चिकटलेले हवेचे बुडबुडेही लोकांना इच वाटतात. तासाभराने परत बघा.

गोड्या पाण्याची डुबकी

निदान पक्कं करायचा हा सर्वांत स्वस्त मार्ग आणि कृमींच्या बाबतीत थोडा उपचारही. तळ काळा असलेलं भांडं घ्या. त्यात आरओचं किंवा क्लोरिन काढलेलं गोडं पाणी भरा, तापमान टाकीच्या पाण्याइतकंच आणा आणि अर्धा तास हवा सोडा. गोव्यात एक गोष्ट विसरू नका: जांभ्या दगडातल्या विहिरींचं पाणी बहुधा आम्लधर्मी असतं, तर टाकीचं पाणी 8.1 ते 8.3 पीएचचं. हा फरक माशाला क्षारतेच्या फरकाइतकाच झोंबतो. चिमूट-चिमूट खायचा सोडा घालत, मोजत पीएच जुळवून घ्या.

मासा पाच मिनिटं ठेवा, जास्त नको. पहिल्या मिनिटात तो आडवा पडेल, तडफडेल. हे अपेक्षित आहे. पण बोट लावलं तरी हलला नाही तर ताबडतोब काढा. कृमी असतील तर त्या गोड्या पाण्यात पांढऱ्या अपारदर्शक होतात आणि काळ्या तळावर कण पडलेले दिसतात. एकही कण नाही पडला तर अंगावरच्या मोठ्या कृमींचा संशय बराच कमी झाला. इचवर या डुबकीचा उपयोग नाही, कारण तो कातडीखाली असतो. मखमलीत थोडा वेळ श्वास हलका होतो, तेवढाच.

सूक्ष्मदर्शक

शाळेत वापरतात तसला साधा सूक्ष्मदर्शक पुरतो, 40 ते 100 पट मोठं दिसलं की झालं. हात ओले करून मासा ओल्या जाळीत धरा, कव्हर स्लिपची (नमुना झाकायच्या पातळ काचेची) कड अंगाच्या बाजूवरून डोक्याकडून शेपटीकडे एकदाच हलकेच फिरवा. निघालेला चिकटा काचपट्टीवर टाकीच्याच पाण्याच्या थेंबात ठेवा. गोडं पाणी वापरलं तर जे बघायचं तेच फुटून जाईल. हे सगळं अर्ध्या मिनिटात उरकायला हवं.

गोल, गडद, केसांनी वेढलेला आणि जागच्या जागी सावकाश फिरणारा मोठा जीव म्हणजे इच. गडद, अंडाकृती आणि मुळीच न हलणारा म्हणजे मखमल. बदामी आकाराचा, खालवर डोलत सरकणारा ब्रूकलिनेला. त्याहून लहान, थेंबाच्या आकाराचा, नजर ठरणार नाही इतक्या वेगाने पळणारा युरोनिमा. मागच्या टोकाला हुकासारखे आकडे असलेली चपटी कृमी दिसली तर प्रश्नच मिटला.

मासा मेला तर टाकून देऊ नका. तासाभराच्या आत कल्ल्याचा लहान तुकडा कापून बघा. उशीर झाला तर परजीवी निघून गेलेले असतात आणि दिसतात ते फक्त कुजवणारे जीव, मग माणूस भलत्याच वाटेला लागतो.

उपचाराची टाकी

साठ लिटरची साधी काचेची टाकी लहान माशांना पुरते. वाळू नको, दगड नको, कारण दोन्ही तांबं शोषतात. लपायला पीव्हीसी पाइपचे एल्बो, एक स्पंज फिल्टर, एअर पंप, थर्मामीटर आणि वर झाकण. घाबरलेला मासा उडी मारतोच. स्पंज मुख्य टाकीच्या सम्पमध्ये (जोडलेल्या फिल्टरच्या टाकीत) तीन-चार आठवडे आधीच ठेवून जिवाणूंनी भरलेला असावा. तसा नसेल तर रोज अमोनिया मोजणं आणि पाणी बदलणं आलं. मात्र मुख्य टाकीत रोग आलाच असेल तर त्या सम्पमधला स्पंज परजीवीही घेऊन येतो. अशा वेळी बाटलीतले जिवाणू आणि पाणीबदल यांवर भागवावं.

जागा महत्त्वाची. मखमलीची पिल्लं पाण्याच्या तुषारांतून हवेने तीन मीटरपर्यंत जाऊ शकतात. दोन टाक्या एकाच पंख्याखाली ठेवणं म्हणजे विलगीकरणाचा देखावा. खोली वेगळी असेल तर उत्तम. जाळी, नळी, बादली दोन्हीकडे वेगळी.

पावसाळ्याचं आणखी एक. बाहेरच्या लेखांत "सामान वाळवा, परजीवी मरतो" असं सरसकट असतं. जुलैत आपल्याकडे टॉवेल चार दिवस वाळत नाही, जाळी काय वाळणार? दहा भाग पाण्यात एक भाग घरगुती ब्लीच घालून सामान बुडवा, भरपूर पाण्याने धुवा आणि मग पंख्याखाली पूर्ण कोरडं करा.

तांबं: इच आणि मखमलीवर

कॉपर सल्फेट म्हणजे आपला मोरचूद. कुळागरात (पोफळीच्या बागेत) कोळेरोगावर बोर्डो मिश्रण करायला घरात असतोच, पण तो टाकीत घालू नका. शेतीच्या दर्जाच्या मोरचुदात बाकी काय मिसळलंय ते कळत नाही. प्रयोगशाळेच्या दर्जाचं, पाच पाण्याच्या रेणूंचं कॉपर सल्फेट वैज्ञानिक साहित्याच्या दुकानात मिळतं. त्यात वजनाच्या साधारण 25 टक्के तांबं असतं.

सोनाराच्या छोट्या काट्यावर 1 ग्रॅम मोजून 250 मिलिलिटर शुद्ध पाण्यात विरघळवा. या द्रावणाच्या 1 मिलिलिटरमध्ये जवळजवळ 1 मिलिग्रॅम तांबं येतं. बाटलीवर मोठ्या अक्षरात ‘विष’ लिहा आणि मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. साठ लिटरच्या टाकीत 0.2 पीपीएम (लिटरला 0.2 मिलिग्रॅम) पातळी आणायला 12 मिलिलिटर द्रावण लागतं. ते एकदम ओतायचं नाही. पहिल्या दिवशी सकाळी 3, संध्याकाळी 3, दुसऱ्या दिवशी तसंच. इचमध्ये हाच वेग आणखी सावकाश, चार दिवसांवर नेला तरी चालतो, मासा खात राहणं जास्त महत्त्वाचं. मखमलीत दोन दिवसांपेक्षा लांबवू नका.

पातळी 0.15 च्या खाली गेली तर परजीवी जगतो, 0.25 च्या वर गेली तर मासा मरू लागतो. इतक्या अरुंद पट्टीत रंग जुळवायच्या किटवर विसंबणं धोक्याचं आहे; डिजिटल कॉपर चेकर घ्या, निदान दोघा-तिघांनी मिळून घ्या. पहिला आठवडा दिवसातून दोनदा मोजा. पाणी बदलताना तांबंही जातं: 15 लिटर बदललंत तर नव्या 15 लिटरमध्ये आधीच 3 मिलिलिटर द्रावण घालून मग ओता. पातळी एकदा घसरली की दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. चिलेटेड (दुसऱ्या रेणूत बांधलेल्या) तांब्याच्या बाटलीवरची पातळी वेगळी, बहुधा 1.5 ते 2.5 पीपीएम असते. हे दोन हिशेब एकमेकांत मिसळले की मासा वाचत नाही.

सलग 14 दिवस पूर्ण पातळीत ठेवून मासा निर्जंतुक केलेल्या दुसऱ्या टाकीत हलवा. दुसरी टाकी नसेल तर त्याच टाकीत 30 दिवस. फिल्टरमध्ये कार्बन नको, तो तांबं ओढून घेतो. अमोनिया निष्क्रिय करणारी रसायनंही तांब्यासोबत नकोत; त्यांच्यातली काही तांब्याचं रूप बदलून ते जास्त विषारी करतात. मँडरिन, काही रास आणि बुटके एंजल या माशांना तांबं सोसत नाही.

त्यांच्यासाठी, आणि एकूणच इचसाठी, दुसरी वाट आहे: दर 72 तासांनी मासा पूर्णपणे नव्या टाकीत हलवायचा, पहिल्या, चौथ्या, सातव्या, दहाव्या आणि तेराव्या दिवशी. परजीवी माशावरून गळतो आणि त्याच्या कवचातून पिल्लं निघण्याआधी मासा तिथून निघून गेलेला असतो. औषध शून्य, कष्ट भरपूर. दोन टाक्या आलटून-पालटून चालतात, मधे ब्लीचने धुवायच्या. मखमल किंवा कृमी यांवर मात्र हे चालत नाही.

क्षारता 1.009 वर आणून महिनाभर ठेवायची पद्धत पुस्तकांत आहे. इचच्या काही वाणांवर ती लागू पडत नाही, मखमलीवर मुळीच नाही, आणि कमी क्षारतेत पीएच सारखा घसरतो. मी ती सुचवत नाही.

फॉर्मॅलिन: ब्रूकलिनेला आणि युरोनिमावर

2018 च्या जुलैत मडगावच्या घाऊक मासळी बाजारातल्या माशांत फॉर्मॅलिन असल्याच्या आरोपावरून जे प्रकरण पेटलं, त्यानंतर गोव्यात हा शब्द काढला तरी लोक नाक मुरडतात. भीती रास्त आहे. हे कर्करोगकारक रसायन आहे. हातमोजे, चष्मा आणि उघडी खिडकी याशिवाय बाटली उघडू नका. बाटलीत तळाशी पांढरा साका दिसला तर ती वापरू नका, तो साका माशाला फारच विषारी असतो.

37 टक्के फॉर्मल्डिहाइड असलेलं फॉर्मॅलिन, 10 लिटर टाकीच्या पाण्यात 1.5 मिलिलिटर. थंड देशांतल्या लेखांत याहून जास्त मात्रा सापडेल, पण आपल्या 28 अंशांच्या पाण्यात ती नको. गरम पाण्यात फॉर्मॅलिन जास्त तिखट होतं आणि प्राणवायूही खातं. हवा जोरात सोडून 30 ते 45 मिनिटं मासा ठेवा, जागेवरून उठू नका. मासा उलटा झाला तर लगेच स्वच्छ पाण्यात. अंघोळीनंतर मासा जुन्या टाकीत परत गेला तर मेहनत फुकट, म्हणून दुसरी टाकी तयार हवी. एक दिवसाआड असं तीनदा. क्लाऊनफिश बहुधा पहिल्या अंघोळीनंतर दुसऱ्या दिवशीच खायला येतो.

कृमी

प्राझिक्वांटेल, लिटरला 2.5 मिलिग्रॅम, साठ लिटरला 150 मिलिग्रॅम. पाण्यात नीट विरघळत नाही, बाटलीत थोडं कोमट पाणी घेऊन खूप हलवून ओता. माणसांच्या गोळ्यांत भराव्याची भुकटी असते, शुद्ध पावडर मिळाली तर बरी. औषधाने प्रौढ कृमी मरतात, अंडी नाही. म्हणून पाच-सात दिवसांनी पाणी बदलून पुन्हा पूर्ण मात्रा, आणि डुबकीत तरीही कण पडले तर तिसऱ्यांदा. या काळात जिवाणू वाढून पाणी दुधाळ होऊ शकतं, हवा वाढवा. काही रास खाणं सोडतात, त्यांच्यावर लक्ष ठेवा.

आतड्यातल्या परजीवींसाठी मेट्रोनिडाझोल किंवा फेनबेंडाझोल खाद्यातून देतात. मात्रा माशाच्या वजनावर ठरते, ती पशुवैद्याकडून घ्या. खाद्याला औषध चिकटवायला चायना ग्रासचं पातळ मिश्रण छान काम करतं. लसूण मात्र भूक वाढवण्यापुरता. लसणाने इच जातो ही समजूत दुकानात कितीही ऐकली तरी सोडून द्या.

मुख्य टाकीचं काय

मासे बाहेर, टाकी रिकामी. एक जरी मासा आत राहिला तरी चक्र चालू राहतं. इचची कवचं 72 दिवसांपर्यंत टिकल्याच्या नोंदी आहेत, म्हणून 76 दिवसांचा हिशेब सुरक्षित. मखमलीला सहा आठवडे. कोळंबी आणि खेकडे आतच राहू द्या, त्यांना थोडं खाऊ घाला, म्हणजे जिवाणूही जगतात. भारतात कठीण प्रवाळ आणि समुद्रघोडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित असल्याने आपल्याकडच्या बहुतेक टाक्या नुसत्या माशांच्याच असतात, आणि मग "प्रवाळ नाहीत, थेट मुख्य टाकीतच तांबं घालू" असा मोह होतो. वाळू आणि दगड ते तांबं शोषून कधी सोडतील याचा नेम नसतो. त्या टाकीत पुढे कोळंबी ठेवता येईलच असं नाही.

उपचार सुरू करताना कॅलेंडर बघा. चवथीला (गणेश चतुर्थीला) सगळं घर गावाला जाणार असेल तर त्याच्या आदल्या आठवड्यात तांबं सुरू करण्यात अर्थ नाही. शेजाऱ्याला खाद्य टाकायला सांगता येतं, 0.2 पीपीएम सांभाळायला नाही.

परत येऊ नये म्हणून

समुद्राचं पाणी भरणारे इथे पुष्कळ. पावसाळ्यात मांडवी-झुआरीच्या मुखाजवळचं पाणी इतकं गोडावतं की ते टाकीसाठी निरुपयोगी. नोव्हेंबर ते एप्रिल, नदीच्या मुखापासून दूर, भरतीच्या वेळी भरा. गाळून, अंधारात झाकून दोन आठवडे ठेवलं की पोहणारे परजीवी यजमानावाचून मरतात. घाई असेल तर ब्लीच घालून दुसऱ्या दिवशी हायपोने (सोडियम थायोसल्फेटने) क्लोरिन उतरवा आणि क्लोरिन शून्य झाल्याचं तपासूनच वापरा. खडकांतल्या डबक्यातला मासा पकडून थेट टाकीत सोडणं म्हणजे कृमींना आमंत्रण.

नवा मासा किमान चार आठवडे वेगळ्या टाकीत. शक्य असेल तेव्हा पैदास केंद्रातला क्लाऊन किंवा डॅमसेल घ्या. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने या माशांच्या पैदाशीचं तंत्र बसवलेलं आहे, आणि समुद्रातून पकडलेल्या माशापेक्षा त्यांच्यावर परजीवींचं ओझं कमी असतं. दुकानात मासा निवडताना तो नाही, त्याच्या शेजारचे मासे बघा. पाणी तिथे सगळ्या टाक्यांत एकच फिरत असतं.

उपचार संपल्यावर मासा थेट मुख्य टाकीत नको. आठवडाभर औषधमुक्त पाण्यात ठेवून बघा, ठिपका, घासणं, जांभई काही दिसलं नाही तरच सोडा, आणि मासा जाळीने सोडा, पाण्यासकट नाही. उरलेल्या तांब्याच्या पाण्यात कार्बन टाकून दोन दिवस हवा चालवा आणि मग ते संडासात ओता. विहिरीच्या कडेला, माडाच्या आळ्यात किंवा व्हाळात नको. मऊ गोड्या पाण्यात तांब्याचा विषार खाऱ्या पाण्यापेक्षा जास्त होतो.